वरच्या खोलीतला माणूस

म्वानाईशा: आणि हळू बोला. वरच्या खोलीत सगळं ऐकू जातं.

लाली: मी कुठे बोलतोय? मघापासून तूच बोलते आहेस.

म्वानाईशा: मग ऐका तरी. दुपारच्या असरची बांग व्हायच्या आत तिमाची बोट धक्क्याला लागेल. आठवा महिना सरत आलाय पोरीचा. मोंबासापासून बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत येणार, मग बोट, मग गाढवावरून गल्ली चढणार, आणि इथे येऊन काय जिन्यात झोपणार? पहिलं बाळंतपण आहे. ती तिच्याच खोलीत उतरेल. तेव्हा तुमच्या भावाला सांगा, झाला तेवढा पाहुणचार पुष्कळ झाला.

लाली: माझ्या भावाला?

म्वानाईशा: चुलत असेल, मावस असेल. तुमच्या घराण्याचा हिशेब मला तीस वर्षांत लागला नाही.

लाली: अगं, तो माझा कोणीच नाही. तुझा आहे ना तो? माहेरचा, पाटे बेटाकडचा?

म्वानाईशा: माझा? मी तुमच्याशी लग्न केल्यापासून पाटेहून या घरी चिटपाखरू फिरकलेलं नाही. आता फिरकेल होय?

लाली: म्हणून तर मी गप्प बसलो. म्हटलं, बरं झालं, इतक्या वर्षांनी म्वानाईशाच्या माहेरचं कोणी आलं. उगाच चौकशा करून कशाला बिघडवा? बाजारातला सगळ्यात मोठा मासा आणला मी त्याच्यासाठी.

म्वानाईशा: आणि मी तो ओल्या नारळात शिजवला. मला वाटलं, तुमच्या मालिंदीच्या काकांकडून कोणी आलंय. तुमच्याकडच्यांना म्हणायला नको, सून वाढत नाही म्हणून.

लाली: पण दार तर तू उघडलंस.

म्वानाईशा: दाराआडून उघडलं. रविवारी तुम्ही मशिदीत. बाहेरून पुरुषाचा आवाज आला, गाढवावर बॅग दिसली. मी काय परक्या पुरुषाला दारात उभं करून विचारू, बाबा रे तू कोण, कुणाचा? या म्हटलं, वर बसा म्हटलं, आणि स्वयंपाकघरात गेले. पुढचं विचारायचं काम घरधन्याचं.

लाली: घरधनी आला तेव्हा तो जेवत होता. जेवणाऱ्याला कोणी विचारतं का, तू कोण म्हणून?

म्वानाईशा: जेवून झाल्यावर?

लाली: तेव्हा तो झोपला.

म्वानाईशा: सोमवारी? मंगळवारी? बुधवारी?

लाली: तेव्हा उशीर झाला होता. दोन दिवस माणूस आपल्या ताटात जेवला, आता कुठल्या तोंडाने विचारायचं?

म्वानाईशा: नाव तरी माहीत आहे का?

लाली: क्यालो.

म्वानाईशा: हे कुठलं नाव?

लाली: मला वाटलं, लाडाचं असेल.

म्वानाईशा: मशिदीत येतो तुमच्याबरोबर?

लाली: येतो की. बाहेर ओट्यावर बसतो, वहीत दाराची नक्षी काढतो.

म्वानाईशा: आणि आत?

लाली: आत येत नाही. मी म्हटलं, पाटेकडचे लोक जरा आळशीच.

म्वानाईशा: पाटेकडचे आळशी? खोबरं पांढरं दिसेल इतका स्वच्छ नारळ खवतो तो. काल खवणीवर बसवलं तर अर्ध्या तासात तीन खवले. तुमचा एक होत नाही.

लाली: तू त्याला खवणीवर बसवलंस?

म्वानाईशा: चौथा दिवस होता. चौथ्या दिवशी माणूस घरचा झाला. घरचा माणूस काय नुसता बसून खातो? म्हणजे, तुम्ही सोडून.

लाली: म्वानाईशा.

म्वानाईशा: काय?

लाली: तो माझा नाही, तुझा नाही. बोलतो शाळेतल्या पुस्तकासारखा. घालतो पॅंट-शर्ट. तो तिमाच्या सासरचा असेल.

म्वानाईशा: काय बोलताय?

लाली: जावयाचा मामा-बिमा. पोरीच्या आधी चार दिवस येऊन बघायला पाठवला असेल, माहेरी खोली बरी आहे का, पाणी आहे का, आई कशी वाढते. वहीत काय लिहितो तो सारखा?

म्वानाईशा: तुम्ही म्हणालात ना, नक्षी काढतो.

लाली: मला लांबून काय दिसतंय.

म्वानाईशा: मी त्यांच्याकडून नारळ खवून घेतले, तिमाचे बाबा. परवा गाढवावरची टोपली खाली उतरवायला लावली. मासळी साफ करताना म्हटलं, अहो, सुरी अशी धरतात का?

लाली: आता रडू नकोस.

म्वानाईशा: रडत नाहीये. तुम्ही वर जा. सोयरे असतील तर माफी मागा आणि ओसरीतली मोठी खाट द्या त्यांना. नसतील तर असरच्या आत खोली मोकळी करा. पण त्यांना वाईट वाटता कामा नये. या घरातून कोणी तोंड पाडून गेलेलं नाही, आणि नेमकं पोर माहेरी यायच्या दिवशी तर अजिबात नको.

लाली: दोन्ही कसं जमणार? खोली पण घ्यायची आणि वाईट पण वाटू द्यायचं नाही.

म्वानाईशा: ओट्यावर रोज चार तास बोलता ना? त्यातलं थोडं आज घरात बोला.

लाली: जातो. ... भाऊ, येऊ का आत?

क्यालो: या, या, म्झे. वडीलधाऱ्यांनी काय विचारायचं? तुमचंच आहे.

लाली: हो, म्हणजे, तसं आहेच. झोप बरी झाली?

क्यालो: उत्तम. फक्त ते गाढव पहाटे जरा लवकर उठतं. तक्रार नाही, सूचना आहे. मी शिक्षक आहे, सूचना करायची सवय लागते. किटुईला भूगोल शिकवतो मी.

लाली: किटुई. लांब आहे. आणि मोंबासाची मंडळी बरी आहेत?

क्यालो: मोंबासा? बरं आहे. दमट आहे. लोकसंख्या फार वाढली.

लाली: आपल्या घरातली पण वाढणार आता.

क्यालो: अरे वा. अभिनंदन.

लाली: म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?

क्यालो: मला कसं माहीत असणार?

लाली: तिमा. तिमाला ओळखता ना तुम्ही?

क्यालो: तिमा म्हणजे त्या स्वयंपाकीणबाई? नावाने ओळख नव्हती. म्झे, आता विषय निघालाच आहे तर सांगतो. त्यांचा हात फार चांगला आहे. जरा तापट आहेत, पण असा नारळभात मी जन्मात खाल्ला नाही. जपा त्यांना. नाहीतर दुसरे लॉजवाले पळवतील.

लाली: दुसरे कोण?

क्यालो: दुसरे. म्हणजे हे लॉज सोडून.

लाली: हे लॉज.

क्यालो: हो. का? काय झालं? घाम आला तुम्हाला. बसा. खुर्ची घ्या.

लाली: बसतो. भाऊ, तुम्ही... खोली कुणाकडे ठरवली होतीत?

क्यालो: तुमच्याकडेच. फमाऊ लॉज. बोटीवरून उतरल्यावर गाढववाल्याला म्हटलं, फमाऊकडे ने. त्याने या गल्लीत आणलं, हात केला आणि घाईत निघून गेला. पाटी समोरच्या भिंतीवर दिसली. मी म्हटलं, हुशार लोक आहेत, आपल्या दारात उभं राहून वाचता यावी म्हणून पाटी समोर लावली.

लाली: हं.

क्यालो: रविवारपर्यंतचं भाडं निघताना एकदम द्यायचं ठरलंय, तो प्रश्न नाही ना?

लाली: नाही, नाही. त्याचं असं आहे, भाऊ. आज लॉजमध्ये जरा... दुरुस्ती आहे. या खोलीचं छप्पर बघायचंय.

क्यालो: छप्पर तर छान आहे. मी रोज झोपताना तुळया मोजतो.

लाली: मोजू नका, जुन्या आहेत. दुसरं असं की, ही खोली आजपासून दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिली आहे.

क्यालो: हे मला पटत नाही, म्झे. आधी आलेल्याला आधी, हा नियम आहे. त्या गिऱ्हाइकाला दुसरी खोली द्या. ओसरीत खाट टाका. एका रात्रीत कोणी मरत नाही.

म्वानाईशा: गिऱ्हाईक? माझी पोर गिऱ्हाईक? आठव्या महिन्यात ती ओसरीत खाटेवर?

लाली: म्वानाईशा, तू जिन्यात होतीस?

म्वानाईशा: मी पहिल्यापासून जिन्यात आहे. स्वयंपाकीणबाई म्हणे. तापट म्हणे.

क्यालो: बाई, मी कौतुकच करत होतो.

म्वानाईशा: ते ऐकलं मी. ते बाजूला ठेवलंय. तिमाचे बाबा, तुम्ही खरं सांगता की मी सांगू?

लाली: मी सांगतो. पण सावकाश सांगू दे.

म्वानाईशा: तुमचं सावकाश होईपर्यंत नातू चालायला लागेल. मास्तर, हे लॉज नाही. हे घर आहे. हे माझे यजमान, मी यांची बायको. तिमा आमची मुलगी, आज बाळंतपणाला येतेय, आणि ही तिची खोली. फमाऊचं लॉज समोर. पाटी जिथे आहे तिथे.

क्यालो: मी काल तुम्हाला टॉवेल बदला म्हणून सांगितलं.

म्वानाईशा: मग? बदलला ना?

क्यालो: मी माशात मीठ कमी आहे म्हणालो.

म्वानाईशा: ते कमीच होतं. यांनी गप्पा मारून माझं लक्ष घालवलं.

क्यालो: मी खालच्या खोलीत येऊन तुमच्या फोटोसमोर उभा राहून म्हटलं, मालकांचे पूर्वज देखणे आहेत.

लाली: तो मीच आहे. लग्नातला.

क्यालो: पण तुम्ही मला हाकलून का दिलं नाहीत? रविवारीच?

लाली: हिला वाटलं, तुम्ही माझे. मला वाटलं, हिचे. आणि आजपासून दोघांना वाटलं, तुम्ही जावयाचे.

क्यालो: नारळ?

म्वानाईशा: घरचे म्हणून.

क्यालो: मला वाटलं, ते भाड्यात धरलेलं आहे. मी शाळेत पत्र लिहिलं. लिहिलं, की इथे प्रवाशांना मुद्दाम खवणीवर बसवतात, बाई स्वतः शेजारी उभ्या राहून शिकवतात, रागावतात, हुबेहूब घरच्यासारखं. लिहिलं, की डिसेंबरात सगळ्या शिक्षकांनी यावं.

म्वानाईशा: सगळे म्हणजे किती?

क्यालो: अकरा.

लाली: ते डिसेंबरात बघू.

क्यालो: म्हणजे समोरचे ते गृहस्थ, रोज संध्याकाळी तुमच्याबरोबर ओट्यावर बसून एका प्रवाशाला शिव्या घालतात, खोली ठरवून आलाच नाही म्हणून...

लाली: तोच फमाऊ.

क्यालो: आणि तो प्रवासी?

लाली: तुम्ही.

क्यालो: मी त्यांच्यात सामील झालो होतो, म्झे. मी म्हणालो, अशा बेजबाबदार माणसांमुळे सगळ्या शिक्षकांची नावं खराब होतात.

लाली: मी पण म्हणालो. मी तर म्हणालो, असल्या माणसाला माझ्या दारात उभं करणार नाही.

म्वानाईशा: आणि तुम्ही माझ्या हातचं खाऊन हे बोलत होतात, दोघंही.

क्यालो: बॅग भरतो मी. पाच मिनिटांत. तुमच्या मुलीच्या खोलीत मी... मला क्षमा करा, बाई. मी समोर जातो. तिथे जाऊन त्यांचीही क्षमा मागतो.

म्वानाईशा: कुठे जाता?

क्यालो: समोर. फमाऊंकडे.

म्वानाईशा: पाऊल तर टाकून बघा.

लाली: अगं, तूच तर सकाळपासून...

म्वानाईशा: मी खोली मोकळी करा म्हणाले. माझ्या घरातला पाहुणा बॅग घेऊन माझ्याच समोरच्या दारात जाऊन राहिला, तर गल्ली काय म्हणेल? चार दिवसांत म्वानाईशाचा भात संपला? हाकलला? आणि तो फमाऊ महिनाभर तेच पुरवून पुरवून सांगेल. हे या घरात होणार नाही.

लाली: मग त्याने राहायचं कुठे? खाली ओसरीत?

म्वानाईशा: बाळंतीण वर आणि परका माणूस खाली? दोन सुइणी येणार, शेजारणी येणार, माझी जाऊ येणार. ओसरीतून जायचं कसं त्यांनी, डोळे मिटून?

लाली: वर नको, खाली नको, समोर नको. मग समुद्रात सोडू का त्यांना?

क्यालो: मी दुपारच्या बोटीने परत जाऊ शकतो. सुट्टी अजून आहे, पण जाऊ शकतो. खरंच.

म्वानाईशा: मास्तर, तुम्ही मध्ये बोलू नका. तुमचा काही दोष नाही. मला विचार करू द्या. तिमाचे बाबा, तिमा झाली तेव्हा तुम्ही कुठे होतात?

लाली: त्याचा इथे काय संबंध?

म्वानाईशा: कुठे होतात?

लाली: माझ्या आईने हाकललं होतं. बाळंतिणीच्या घरात पुरुषांचं काय काम म्हणाली. बाराव्या दिवशी आत घेतलं.

म्वानाईशा: बरोबर. मग आताही तुम्ही जाणार.

लाली: मी?

म्वानाईशा: तुम्ही. आजोबा असलात तरी पुरुषच आहात. तुम्ही बाहेर पडायचं आणि पाहुण्यांना बरोबर न्यायचं. घरधनी पाहुण्याच्या बरोबर बाहेर पडला, तर कोण म्हणेल हाकललं म्हणून? बाळंतपणाची सोय, एवढंच म्हणतील. फमाऊची खोली चार दिवस रिकामी पडली आहे, यांच्या नावाने. दोन खाटा सहज मावतील. जेवण इथून येईल, तिन्ही वेळचं. फमाऊच्या चुलीवरचं काही खायचं नाही, चहासुद्धा नाही.

लाली: मी माझ्या घरासमोर लॉजमध्ये राहू? फमाऊचा पाहुणा होऊन? तो मला जिवंत सोडेल का?

म्वानाईशा: चार दिवस त्याचं गिऱ्हाईक माझ्या घरात बसवून ठेवलंत, ते आधी त्याला सांगा. मग बघा सोडतो का.

लाली: ते मी सांगणार नाही.

क्यालो: मी सांगतो. सांगायची सवय आहे मला.

म्वानाईशा: बघा. याला म्हणतात पुरुष. मास्तर, ती उशी तिथेच ठेवा, ती तिमाची आहे. चादर मी काढते. आणि निघायच्या आधी या महामरी खाऊन घ्या, गोड पुऱ्या आत्ताच तळल्यात, गार होतील.

क्यालो: बाई, मला खरंच भूक नाही. लाज वाटते.

म्वानाईशा: लाज वाटली की दोन जास्त खायच्या. तिमाचे बाबा, उभे काय? गाढव घेऊन धक्क्यावर जा. पोर येतेय.

(असरची नमाज झाली आहे. गल्लीच्या पलीकडे फमाऊच्या लॉजबाहेरच्या ओट्यावर लाली आणि क्यालो शेजारी शेजारी बसले आहेत. समोरचं दार बंद आहे.)

क्यालो: सांगितलं मी फमाऊंना. सगळं, क्रमाने.

लाली: मग?

क्यालो: आधी ऐकून घेतलं. मग म्हणाले, तुम्ही माझ्या शेजारी बसून स्वतःला बेजबाबदार म्हणालात? मी म्हटलं, हो. मग ते आत गेले. बराच वेळ आतून हसण्याचा आवाज येत होता. आता कॉफी आणायला गेलेत.

लाली: आता हा माणूस मरेपर्यंत मला सोडत नाही.

क्यालो: म्हणाले, लालीला सांगा, खिडकीकडची खाट त्याला. घर दिसेल.

लाली: असं म्हणाला?

क्यालो: असं म्हणाले. पण कॉफी प्यायची की नाही? बाईंनी चहासुद्धा नको म्हटलंय.

लाली: कॉफीचं काही बोलली नाही ती. प्या.

क्यालो: मुलगी बरी पोचली?

लाली: पोचली. धक्क्यावर उतरताना माझा हात धरला तिने. हात इतका सुजलाय, अंगठी बोटात बसेना म्हणून गळ्यात बांधली आहे. गाढवावर बसायला तयार नव्हती, चालत येते म्हणाली. मी म्हटलं, आई मला मारेल. मग बसली. वाटेत तीनदा विचारलं, बाबा, खोली तयार आहे ना? दीड वर्षांनी आली आहे. मोंबासात म्हणे रोज रात्री त्या खोलीची आठवण यायची.

क्यालो: मग तुम्ही आत नाही गेलात?

लाली: दारापर्यंत गेलो. बॅग खाली ठेवली. आईने तिला आत ओढलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं. आतून म्हणाली, संध्याकाळी डबा पाठवते.

क्यालो: वाईट वाटलं?

लाली: वाटलं. तिमा झाली तेव्हा तरुण होतो, मशिदीच्या मागे दोस्तांबरोबर पत्ते खेळत बसलो होतो. भीती वाटते हेच कळलं नव्हतं. आता कळतंय. तो जिना चढायलाच तिला किती वेळ लागेल. मधली पायरी तुटकी आहे. आज करू, उद्या करू म्हणत दुरुस्त केली नाही मी.

क्यालो: ती मी मंगळवारी ठोकली, म्झे.

लाली: तुम्ही?

क्यालो: पाय अडकला होता. तळघरात हातोडा दिसला. सूचनांच्या यादीत लिहिणार होतो, पण म्हटलं, त्यापेक्षा ठोकून टाकू. चुकलं का माझं?

लाली: नाही. चुकलं नाही. जरा सरका इकडे, मला वरचं दिसत नाहीये.

क्यालो: वर काही हललं वाटतं.

लाली: तुम्ही वर बघू नका. बायका आहेत तिथे.

क्यालो: नाही बघत. हे बघा, चपलांकडे बघतोय. तुम्ही बघा आणि मला सांगा.

लाली: खिडकीची झडप उघडतेय. म्वानाईशाचा हात आहे. आता मागे झाली ती.

क्यालो: मग?

लाली: थांबा. कोणीतरी बसतंय खिडकीशी. सावकाश. चौकट धरून.

क्यालो: तीच का?

लाली: तीच. चढली वर.